हॉर्न मारल्यास एक फेरी जास्त

रस्ता बंद करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावे लागत नाही. रस्ता बंद केला की ते स्वतःच गाडीत बसून येतात, पुढ्यात थांबतात आणि काच खाली करून विचारतात, "कित्याक बंद?" म्हणजे, कशाला बंद?

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या शिगमो, म्हणजे शिमग्याच्या, मिरवणुकीचा मी वाहतूक प्रमुख. पेशाने चित्रकला शिक्षक. समितीच्या पहिल्या बैठकीत ढोलवाले ढोलाकडे गेले, भाषणवाले स्टेजकडे गेले, आणि वाहतुकीला कोण म्हटल्यावर सगळे छताकडे बघू लागले. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "मास्तरांना नकाशा काढता येतो!" झाले. नकाशा काढता येणे वेगळे आणि त्या नकाशावरून बस नेता येणे वेगळे, हे मला त्याच वर्षी कळले.

आम्ही तिघे. एक मी. दुसरा दत्ताराम, हार्डवेअरचा दुकानदार. दोर, ड्रम, रंग, खिळे, सगळे त्याच्याच दुकानातले, आणि वर जेवणाचा डबाही त्याच्याच घरचा. तिसरे गावस हवालदार. माणसावर न ओरडता त्याची गाडी मागे घ्यायला लावायची, ही कला मी फक्त त्यांच्याकडे पाहिली.

आता आमची अडचण सांगतो, म्हणजे पुढचे सगळे कळेल. मिरवणूक जाते बाजाराच्या मुख्य रस्त्यावरून. ढोल-ताशांचे रोमटामेळ, कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारे घोडेमोडणीवाले, मागून चित्ररथ. बाजाराच्या पाठीमागे एक वाडी आहे आणि त्या वाडीचा एकुलता एक रस्ता नेमका या मुख्य रस्त्यावर येतो. दुपारी तीनला आम्ही दोर बांधला की वाडी आत आणि जग बाहेर! कुणाच्या छातीत दुखू लागले, कुणाची सून अडली, तर न्यायचे कुठून?

परवानगी देणारे जे वरचे साहेब आहेत त्यांची म्हणून एकच अट. "वाडीची वाहतूक एकदा, फक्त एकदा तुंबू दे. पुढल्या वर्षापासून तुमची मिरवणूक गावाबाहेरच्या मैदानावर."

मैदानावर शिगमो! देवळासमोर नमन घालून निघालेला मेळ काय फुटबॉलच्या गोलपोस्टमधून न्यायचा? बाजारातल्या म्हाताऱ्या आपापल्या पायरीवर पाट टाकून बसतात, त्यांना मैदानावर कोण नेणार? त्यामुळे दरवर्षी फाल्गुन आला की मी नकाशा दहादा तपासतो, आणि संध्याकाळ नीट गेली की मी देवाचे आणि माणसांचे, दोघांचेही आभार मानतो. माणसांचे थोडे जास्तच मानतो.

*

पहिल्या वर्षी आमच्याकडे बॅरिकेड नव्हते. एक दोर होता. कारापूरच्या बाजूने येणाऱ्या गाड्या अडवायला दत्ताराम तो दोर धरून उभा.

आता आमच्याकडची रीत अशी, की शिगम्याच्या दिवसांत पोरे रस्त्यात दोरी धरतात आणि "शबय, शबय" म्हणत गाड्या अडवतात. गाडीवाल्याने दहा-पाच रुपये हातावर ठेवले की दोरी खाली. कुणी रागावत नाही, सगळ्यांनी लहानपणी केलेले असते.

एक गाडी येऊन थांबली. आत एक बाई. त्यांनी दत्तारामकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. पन्नाशीचा माणूस, सुटलेले पोट, गळ्यात चेन, कपाळावर चढवलेला चष्मा. त्यांनी दहाची नोट काढली.

"काकी, शबय न्हय! रस्तो बंद आसा!" दत्ताराम म्हणाला.

बाईंनी दहाची परत ठेवली आणि वीसची काढली. "घे बाबा. पूण ह्या वयार शबय मागता? घरांत कोण बघूंक ना काय रे तुका?"

दत्तारामच्या हातातून दोरच गळाला! गाडी गेली. मागे आणखी चार गाड्या होत्या. चारही खिडक्यांतून दहाची नोट बाहेर!

दुसऱ्या दिवशी दत्तारामने दुकानातले सहा ड्रम काढून त्यांना लाल-पांढरे पट्टे मारले. ती वीसची नोट अजून त्याच्या गल्ल्यामागच्या गणपतीच्या फ्रेममध्ये आहे. मोडत नाही आणि काढतही नाही.

*

वाडी बाहेर काढायची तर एकच जागा होती, बाबलभाईंचे अंगण. त्यांच्या अंगणाला एका बाजूने वाडीची गल्ली लागते आणि दुसऱ्या बाजूने मयेला जाणारा रस्ता. बाबलभाई खाणीवर टिपर चालवायचे. टिपर घरी उभा राहायचा म्हणून अंगण ऐसपैस. खाणी बंद झाल्या, टिपर गेला आणि अंगण उरले. मधोमध सुमनवहिनींची तुळस. सुमनवहिनी म्हणजे बाबलभाईंची बायको. बोलायला कमी, पण बोलल्या की विषय संपला.

मी नारळ आणि विडा घेऊन गेलो. कुणाच्या दारातून गावाची गाडी न्यायची तर रिकाम्या हाताने कसे विचारणार?

बाबलभाई म्हणाले, "म्हजो टिपर रावतालो थंय गांवाच्यो गाड्यो वचूं दी मरे. मातशें आंगण जागें जातलें." माझा टिपर राहायचा तिथून गावाच्या गाड्या जाऊ देत, अंगणाला जरा जाग येईल, असे म्हणाले! मग त्यांच्याच घरी भाकरी खाऊन मी निघालो.

घरी येऊन रंगीत नकाशा काढला. शाळेतले रंगीत खडू वापरून अंगणात बाण काढले. तुळशीच्या उजवीकडून गेले की रस्ता जवळ पडतो, म्हणून बाण तिकडून.

मिरवणुकीच्या दिवशी पहिली स्कूटर आली, वाडीतल्या अंगणवाडी शिक्षिकेची. बाणापाशी येऊन थांबली. थांबली ती थांबलीच. मागे दुसरी, तिसरी, मग एक रिक्षा.

"बाई, चला ना!" मी म्हणालो.

"मास्तर, तुळस डाव्या हाताक येता. उलटी प्रदक्षिणा मी घालूंची ना."

मागच्या स्कूटरवाल्यालाही घालायची नव्हती. रिक्षावाल्याला तर मुळीच नव्हती, त्याच्या रिक्षात सासू होती. साहेबांची अट, आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच दहा मिनिटांत!

बाबलभाई पायरीवरून उठले. त्यांनी पायाने माझे बाण पुसले आणि खडूने दुसरीकडून काढले. "मास्तर, ट्रॅफिकाच्या सर्कलाक कशे वतात? सर्कल उजव्या हाताक धरून. तुळशीक कशे वतात? तुळस उजव्या हाताक धरून. देवाचो आणि आरटीओचो नेम एकूच! तुमीच तेवढे वायले." वायले म्हणजे वेगळे.

त्या दिवसापासून आमच्या अधिकृत नकाशावर, साहेबांच्या सहीखाली, लिहिलेले असते, 'तुळशीला उजवी घालून'.

*

अंगणात फक्त एक नियम होता. हॉर्न नाही!

ज्याने तीस वर्षे टिपर चालवला त्याला हॉर्नचा एवढा राग कसा, असे मी एकदा विचारले. बाबलभाई म्हणाले, "तीस वर्सां मारलो. आतां कानांक पेन्शन."

आणि हॉर्न मारला की शिक्षा ठरलेली. बाबलभाई हात आडवा करून गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "हॉर्न मारलो? एक फेरी चड!" चड म्हणजे जास्त. मग त्या गाडीने तुळशीभोवती पुरी एक फेरी घालायची आणि मगच बाहेर पडायचे. दत्तारामने हौसेने पाटीच रंगवून दिली, 'हॉर्न मारल्यास एक फेरी जास्त'. ती फाटकावर लागली. लोक हसायचे पण पाळायचे. वाडीतली पोरे तर मुद्दाम सायकलची घंटी वाजवायची. त्यांना बाबलभाई म्हणायचे, "घंटी म्हणजे हॉर्न न्हय. पळ!"

खरी पंचाईत झाली इनासची. इनास म्हणजे आमचा पोदेर, घरोघर पाव देणारा. संध्याकाळी पाचला सायकलवर पावाची टोपली आणि हँडलला रबरी भोंगा. तो पॉंक पॉंक वाजला की बायका पिशवी घेऊन दारात. भोंगा हाच त्याचा धंदा!

इनास अंगणात आला आणि सवयीने पॉंक!

"एक फेरी चड!"

"भाई, हॉर्न मारूं नाका तर पाव विकूं कसो?"

"मार. कोण नाका म्हणता? पूण फेरी घाल."

इनासने फेरी घातली. फेरी घालता घालता पुन्हा पॉंक! सवयच ती. पुन्हा फेरी. त्या दिवशी त्याने चार फेऱ्या घातल्या. शेवटी सुमनवहिनींनी येऊन सायकल धरली आणि दहा पाव घेतले, तेव्हा सुटला.

पुढे दरवर्षी मिरवणुकीच्या दिवशी इनास आला की अंगणातले लोक मोजायला लागायचे. एकदा मला म्हणाला, "मास्तर, इगर्जेक इतल्यो फेऱ्यो मारूंक नात हांवें!" इगर्ज म्हणजे चर्च. पण मयेच्या रस्त्याने सरळ जायची त्याला मोकळीक असूनही तो अंगणातूनच यायचा.

*

एका वर्षी मयेच्या चित्ररथाचा रावण उशिरा निघाला. बाकी सगळे ट्रकवर चढून पुढे गेले. मेकअपला वेळ लागला म्हणून रावण मागे राहिला आणि मित्राची स्कूटर घेऊन निघाला. पाठीला तारेने बांधलेली नऊ तोंडे, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली, आणि दहावे त्याचे स्वतःचे.

आमच्या नाक्यावर गावस हवालदारांनी हात केला. रावण थांबला.

"हेल्मेट खंय?"

"साहेब, धा तोंडां आसात. कोणाक घालूं?"

हवालदारांनी शांतपणे दहाही तोंडे न्याहाळली. "मधल्याक घाल. तें तुजें."

रावणाने डिकीतून हेल्मेट काढले. ते घालायचे तर मुकुट काढायला हवा. मुकुट काढला तर तोंडे सुटतात! मग हवालदारांनी स्वतः मुकुट हातात धरला, दत्तारामने डावीकडची पाच तोंडे धरली, मी उजवीकडची चार. रावण हेल्मेट घालून स्कूटर हळूहळू चालवू लागला आणि अशी लंका घेऊन आम्ही शेजारून अंगणापर्यंत चालत गेलो, म्हणजे निदान भर रस्त्यावर विनाहेल्मेट नको.

फाटकातून आत शिरताना तोंडे अडकली आणि रावणाच्या कोपराने हॉर्न दाबला गेला. मी बाबलभाईंकडे पाहिले. वाटले, आज सोडतील. चित्ररथ रावणासाठी थांबलाय!

"लंकेचो राजा आसूं वा अयोध्येचो," बाबलभाई म्हणाले, "एक फेरी चड!"

रावणाने तुळशीला प्रदक्षिणा घातली. सुमनवहिनींनी पायरीवरून हात जोडले. तुळशीला की रावणाला, ते मला आजतागायत कळलेले नाही.

*

गल्ली आणि अंगण यांच्यामध्ये एक उघडे गटार आहे. स्कूटर उडी मारून जाते, मोटार जात नाही. त्यावर जाडजूड फळ्या पाहिजेत. दत्तारामच्या दुकानात त्या नव्हत्या.

वाडीत एक घर बांधायचे काम चालू होते. तिथे बसवराज नावाचा सेंट्रिंगचा कारागीर, बेळगाव जिल्ह्यातला. मी त्याच्याकडे फळ्या मागितल्या. फळ्या तर त्याने दिल्याच, वर आपली चार माणसे घेऊन स्वतः आला, फळ्या घातल्या, खाली लाकडी टेकू दिले आणि म्हणाला, "सर, रोड-रोलर बी जातंय आता." आणि मग तिथेच उकिडवा बसून राहिला. गाडी आली की वाकून चाक बघायचा आणि हाताने खूण करायचा. थोडं डावं, थोडं उजवं, या.

पुढल्या वर्षी काम संपले होते, तरी आला. त्याच्या पुढल्या वर्षी म्हापशाहून आला, फळ्या टेम्पोत घालून. बोलावले कुणी नव्हते!

एकदा चहा घेताना मी सहज विचारले, "बसवराज, आवडतो का शिगमो?"

"चांगला असणार सर. आवाज लई भारी येतंय."

"असणार म्हणजे?"

"मी कुठं बघितलंय? मी चाकंच बघतोय चार वर्षं!"

लाजच वाटली मला. आमच्या सणाला ज्याने चार वर्षे फळी धरली त्याला सण दाखवायचे आमच्या डोक्यात आले नव्हते. दत्ताराम उठला, त्याने बसवराजच्या हातातले खुणेचे लाल फडके घेतले आणि गटारापाशी उकिडवा बसला. बसवराज बाजारात गेला. तासाभराने आला तो कपाळाला गुलाल लावून. बघितलेस काय म्हटल्यावर म्हणाला, "त्या घोड्यांचं चित्ररथ होतं ना सर, त्याचं मागचं डावं टायर बसलंय. सांगा त्यास्नी."

खरोखरच बसले होते! आम्ही सांगितले म्हणून वळणावर अनर्थ टळला.

*

वास्कोच्या बसचा किस्सा न सांगता राहिलो तर दत्ताराम माझ्याशी बोलणार नाही, कारण चूक माझी होती.

कारापूरच्या नाक्यावर मी एका नवीन स्वयंसेवकाला उभे केले होते. त्याला सांगितले, "मेळाच्या माणसांच्या बसगाड्या येतील, त्या आत सोड. बाकीच्यांना वळव." मेळाची बस कशी ओळखायची ते सांगायचे राहिले. वास्कोहून येणारी रोजची बस आली. बसमध्ये शिगमो बघायला निघालेली माणसे, दोघांच्या मांडीवर ढोल. स्वयंसेवकाने ड्रम बाजूला केला!

बस सरळ मुख्य रस्त्यावर आली. पुढे समुद्रमंथनाचा चित्ररथ, मागे रोमटामेळ. मागे घेता येईना, वळवता येईना. ड्रायव्हर शहाणा, त्याने चित्ररथाच्या वेगाने बस चालवायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवू लागले. आतल्या लोकांनी हात हलवले. ढोलवाल्यांनी खिडकीतून ढोल वाजवला.

स्टेजसमोर बस आली तेव्हा निवेदकाने यादी पाहिली. यादीत काही सापडेना. निवेदक कसलेला. तो माइकवर म्हणाला, "आणि आता सादर होत आहे, विषय, सार्वजनिक वाहतूक! किती हुबेहूब!"

परीक्षकांनी गुण दिले. वेशभूषेला सर्वांत जास्त!

स्टेज ओलांडल्यावर बस थांबली. एक मावशी माशांची टोपली घेऊन उतरली आणि मला म्हणाली, "पुता, सगळे टाळ्यो मारतात कित्याक? आमी वेळार पावलीं म्हणून?"

*

परवानगीचे साहेब एका वर्षी स्वतः पाहणीला आले. मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी. जीप अंगणात शिरली. पुढे वाडीतली एक गाय उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न मारला.

मी डोळे मिटले. बाबलभाई उठलेच!

"हॉर्न मारलो? एक फेरी चड!"

ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पाटीकडे बोट केले. त्यांचा चेहरा बघून मी मनातल्या मनात मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला घेतल्या. जीपने फेरी घातली. फाटकापाशी साहेब मला म्हणाले, "मास्तर, अट लक्षात आहे ना? एकदा जरी तुंबलं, तर मैदान. मग तुमचे हे बाबलभाई काय करतात बघू."

मी बाबलभाईंना म्हणालो, "साहेबांना तरी सोडायचं होतं."

"मास्तर," ते म्हणाले, "तुळस कोणाक सोडटा?"

*

गेल्या मार्गशीर्षात बाबलभाई गेले. सकाळी चहा घेतला, पायरीवर बसले आणि बसल्या जागीच गेले. वाडीतला प्रत्येक माणूस खांदा द्यायला आला. इनासने त्या दिवशी सायकल हातात धरून वाडी ओलांडली, भोंगा वाजवला नाही. पाव कुणी घेतले नाहीत आणि त्याने विचारले नाही.

वर्षभर त्या घराला सण नाही. शिगमो आला. अशा घरी नारळ-विडा घेऊन कसा जाणार, आणि ढोल वाजत असताना तुमच्या दारातून शंभर गाड्या नेऊ का, असे कोणत्या तोंडाने विचारणार? मी गेलो नाही. रात्रंदिवस नकाशे काढले. शेतातून, शाळेच्या मैदानातून, नाल्याच्या कडेने. एकही रस्ता पुरा होईना. शेवटी समितीत सांगून टाकले, "यंदा मैदान धरा." दत्ताराम खाली मान घालून दोर गुंडाळत राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात सुमनवहिनी उभ्या. दुखवट्याच्या वर्षात त्या देवळातही जात नव्हत्या. त्या शाळेत आल्या.

"मास्तर, आंगण विचारूंक यंदा कोण आयलो ना."

"वहिनी, तुमच्या घरी यंदा सण नाही. मी कसं..."

"सण आमकां ना," त्या म्हणाल्या. "वाट गांवाची." आणि परत फिरल्या.

मी वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पोरांना वाटले चित्र काढतोय.

मिरवणुकीचा दिवस. बसवराजने म्हापशाहून आणलेल्या फळ्या घातल्या. बाबलभाईंच्या जागी, तुळशीपाशी, गावस हवालदार उभे राहिले. सुमनवहिनी पायरीवर बसल्या. सकाळपासून त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. फाटकावर पाटी तशीच होती. तीन वाजता रस्ता बंद केला आणि मी हवालदारांच्या कानात सांगितले, "आज अंगणात हॉर्न होता कामा नये. घर दुखवट्यात आहे."

पाचपर्यंत एक हॉर्न वाजला नाही. गाड्या येत होत्या, तुळशीला उजवी घालून जात होत्या. दुरून ढोल ऐकू येत होते. साहेबांच्या जीपसाठी दोर खाली केला, ती वाडीत पाहणीला शिरली आहे, असा दत्तारामचा फोन आला. म्हटले, येऊ दे, सगळे सुरळीत आहे.

आणि इनास आला. फळीवरून सायकल आत घेतली. पायरीकडे पाहिले. सुमनवहिनींनी त्याच्याकडे पाहिले. इनासने भोंग्यावर हात ठेवला.

पॉंक!

मी पुढे धावलो. पण तोवर इनास फेरी घालत होता. सावकाश, सायकलवरून उतरून, टोपली सांभाळत, पुरी एक फेरी. मग बाहेर पडला.

त्याच्या मागे अंगणवाडीच्या बाई होत्या. त्यांनी स्कूटरचा हॉर्न मारला, एकदाच, आणि फेरी घातली. त्यांच्या मागे रिक्षा. हॉर्न, फेरी. मग एक मोटार, मग दोन मोटरसायकली. कुणी कुणाला सांगितले नव्हते. प्रत्येक गाडी आत येऊन एक हॉर्न मारायची आणि पुरी फेरी घालून मगच निघायची. एकाची फेरी होईपर्यंत दुसरा थांबायचा. अंगण भरले, फळीपाशी गाड्या उभ्या राहिल्या, मग गल्लीत, मग विहिरीपर्यंत.

तुंबली! इतक्या वर्षांत एकदाही न तुंबलेली वाडी तुंबली!

"हवालदार, थांबवा हो त्यांना!" मी म्हणालो.

गावस हवालदारांनी टोपी सारखी केली. "मास्तर, आंगार गणवेश आसा म्हणून हांगा उबो आसां. ना तर माजी मोटरसायकल पयली आसती."

मी गल्लीत गेलो. रांगेत सहावी गाडी साहेबांची जीप. साहेब खाली उतरले नव्हते. काच खाली झाली.

"मास्तर, हे काय चाललंय?"

खोटे सांगण्यासारखे काही उरले नव्हते. "साहेब, बाबलभाई गेले. मार्गशीर्षात."

साहेबांनी पाटीकडे पाहिले. काच वर केली.

रांग पुढे सरकली. जीपची पाळी आली. बसवराजने वाकून चाक पाहिले आणि खूण केली. ड्रायव्हरने जीप अगदी हळू आत घेतली. त्याला मागची फेरी आठवत असावी, कारण त्याने दोन्ही हात हॉर्नपासून लांब धरले होते. तुळशीला उजवी घालून त्याने जीप मयेच्या रस्त्याकडे वळवली.

तेवढ्यात शेजारच्या सीटवरून साहेबांचा हात पुढे आला आणि त्यांनी हॉर्न दाबला.

जीप जागच्या जागी उभी.

पायरीवर सुमनवहिनी उठल्या. पदर खांद्यावर घेतला, खाली आल्या आणि जीपच्या पुढ्यात उभे राहून त्यांनी हात आडवा केला.

"हॉर्न मारलो? एक फेरी चड!"